खाल्लेले कोलॅजेन जाते कुठे?

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी विज्ञान-शिक्षकांचे शिबिर होते. प्रथिनांची रचना या विषयावर बोलायला मी गेले होते. व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एक तरुण शिक्षिका जवळ आल्या. पिशवीतून एक डबा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोलॅजेन’ असे लिहिलेले होते. रोज दहा ग्रॅम पूड पाण्यातून घ्या, त्वचा घट्ट होईल, सुरकुत्या कमी होतील, असा मजकूर खाली होता. महिनाभर पुरणाऱ्या त्या डब्याची किंमत दीड हजार रुपये होती.

“मॅडम, आत्ताच तुम्ही सांगितलंत की त्वचेतलं मुख्य प्रथिन कोलॅजेन आहे. मग हे घेतलं तर त्वचेला मिळेल ना? मी तीन महिने घेतेय. आता नववीच्या मुलीसुद्धा विचारायला लागल्या आहेत, बाई, आम्ही घेऊ का?”

शिक्षणसेवकाच्या मानधनातून दरमहा दीड हजार रुपये बाजूला काढणे सोपे नसते. मी चटकन उत्तर दिले, “अहो बाई, पोटात गेलं की ते पचतं. डाळीचं प्रथिन पचतं तसंच. केस खाऊन केस वाढत नाहीत, तशी कातडी खाऊन कातडी सुधारत नाही.” भोवतालची मंडळी हसली. त्या शिक्षिका हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, “म्हणजे उपयोग होणार नाही असं तुम्हाला वाटतं? की कोणी देऊन पाहिलंय आणि उपयोग झाला नाही असं दिसलंय?”

प्रश्न अगदी नेमका होता आणि त्याचे उत्तर त्या वेळी माझ्यापाशी नव्हते. परत आल्यावर मी मूळ शोधनिबंध काढून वाचले. हा लेख म्हणजे त्या बाईंना द्यायचे राहिलेले उत्तर आहे. त्यात जाहिरातीची चिकित्सा आहे, तशी माझ्या त्या चटकन दिलेल्या उत्तराचीही आहे.

सरसापासून तिपेडी दोरापर्यंत

कोलॅजेन हा शब्द सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. कोलॅजेन म्हणजे सरस निर्माण करणारे. पूर्वी सुतार लाकूड जोडायला जो सरस वापरत, तो जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला असे. बकऱ्याचे पाये बराच वेळ शिजवले की सूप बोटांना चिकटते. कोकणात रात्री उरलेले माशाचे कालवण सकाळी थिजलेले दिसते. हीदेखील याच प्रथिनाची करामत. उष्णतेने कोलॅजेनची घडण उकलते, त्याचे जिलेटिन होते आणि थंड झाल्यावर ते थिजते.

सस्तन प्राण्यांच्या शरीरात सर्वांत जास्त प्रमाणात आढळणारे हे प्रथिन आहे. शरीरातील एकूण प्रथिनांचा साधारण पाव ते एक-तृतीयांश हिस्सा त्याचा असतो. हाडे, कूर्चा, कंडरा, रक्तवाहिन्यांच्या भिंती या सर्वांना बळकटी देण्याचे काम ते करते. त्वचेचे दोन मुख्य थर आहेत. वरची पातळ बाह्यत्वचा आणि तिच्याखालची जाड अंतस्त्वचा. अंतस्त्वचेतले पाणी काढून टाकले, तर उरलेल्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोलॅजेनचा भरतो. तेव्हा त्वचेचा ताठरपणा आणि बळकटी कोलॅजेनवर अवलंबून आहे, हे जाहिरातीतील पहिले विधान खरे आहे.

या प्रथिनाची रचना उलगडण्यात एका भारतीय प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कोलॅजेनची तीन साखळ्यांची रचना मांडली आणि १९५५ साली ती सुधारली. अभ्यासासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरा वापरली. ती त्यांना मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून मिळाली होती. त्यांनी दाखवलेली रचना समजायला सोपी आहे. अमिनो आम्लांच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती दोराच्या तीन पेडांसारख्या पिळलेल्या असतात. प्रत्येक साखळीत सुमारे एक हजार अमिनो आम्ले असतात आणि दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते. पेड घट्ट बसायचे तर दोराच्या आतल्या बाजूला मोठा रेणू मावणार नाही. ग्लायसिन सर्व अमिनो आम्लांत लहान, म्हणून ती जागा त्याची.

उरलेल्या जागांवर प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन यांची गर्दी असते. त्यातील हायड्रॉक्सिप्रोलीनची गोष्ट पुढे कामाची आहे. जनुकांच्या लिपीत या अमिनो आम्लासाठी संकेतच नाही. पेशी आधी साध्या प्रोलीनची साखळी विणते. मग एक विकर त्यांतील काही प्रोलीनवर ऑक्सिजनचा अणू बसवून त्यांचे हायड्रॉक्सिप्रोलीन करते. या विकराला काम करण्यासाठी ‘क’ जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही तर दोराचे पेड सैल राहतात, हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत. हाच स्कर्व्ही रोग. ब्रिटिश नौदलातील डॉक्टर जेम्स लिंड यांनी १७४७ साली ‘सॅलिस्बरी’ या जहाजावर स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. कोलॅजेन हा शब्दही त्या वेळी नव्हता. पण वैद्यकातील तुलनात्मक चाचणीचे एक जुने आणि प्रसिद्ध उदाहरण कोलॅजेनच्याच विकाराचे आहे.

पोटात काय होते?

बाजारातील पूड गाई-म्हशींचे किंवा डुकरांचे कातडे, हाडे, माशांची कातडी व खवले यांपासून बनते. आधी जिलेटिन काढतात, मग विकरांच्या साहाय्याने त्याचे आणखी लहान तुकडे करतात. मूळ कोलॅजेनच्या रेणूचे वस्तुमान सुमारे तीन लाख डाल्टन असते, पुडीतील तुकड्यांचे बहुधा काही हजार. म्हणजे डब्यात दोर नसतोच. दोराचे बारीक कापलेले तुकडे असतात. पोटात आणि लहान आतड्यात पाचक विकरे त्यांचे आणखी तुकडे करतात आणि बहुतांश प्रथिन सुट्या अमिनो आम्लांच्या रूपाने रक्तात जाते. त्या अमिनो आम्लांवर ‘त्वचेसाठी’ अशी चिठ्ठी लावलेली नसते. शरीर ती गरजेप्रमाणे स्नायूंसाठी, विकरांसाठी किंवा ऊर्जेसाठी वापरते.

हे केवळ तर्काने ठरलेले नाही. १९४९ साली अमेरिकेत मार्जोरी स्टेटन यांनी उंदरांना जड नायट्रोजनची खूण असलेले हायड्रॉक्सिप्रोलीन खाऊ घातले. ते तसेच्या तसे कोलॅजेनमध्ये बसवले जात असते, तर उंदरांच्या कोलॅजेनमधील हायड्रॉक्सिप्रोलीनमध्ये ती खूण भरपूर सापडायला हवी होती. तशी ती सापडली नाही. खूण असलेले साधे प्रोलीन दिले असता मात्र त्यापासून हायड्रॉक्सिप्रोलीन तयार झालेले दिसले. शरीर आपले कोलॅजेन नव्याने विणते, बाहेरून आलेले तयार सुटे भाग जोडत नाही, याचा हा स्वच्छ पुरावा होता.

प्रथिन म्हणून पाहिले तर कोलॅजेनची प्रत हलकी आहे. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल अजिबात नसते. त्यामुळे आवश्यक अमिनो आम्लांवरून प्रथिनांना गुण देण्याच्या प्रचलित पद्धतीत त्याला शून्य गुण मिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये हाडांपासून काढलेले जिलेटिन गरिबांना आणि इस्पितळांतील रुग्णांना पौष्टिक अन्न म्हणून दिले जाई. ते खरोखर पोषक आहे का, हे पाहण्यासाठी फ्रेंच विज्ञान अकादमीने समिती नेमली. कुत्र्यांवर प्रयोग झाले. फ्रांस्वा माजांदी यांनी १८४१ साली मांडलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की नुसत्या जिलेटिनवर कुत्री जगत नाहीत. हा धडा पुढे विसरला गेला. १९७६-७७च्या सुमारास अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी कोलॅजेनपासून बनवलेल्या द्रव प्रथिनावरच आठवडेच्या आठवडे काढण्याची टूम निघाली. हे आहार घेणाऱ्यांपैकी पन्नासहून अधिक जणांच्या मृत्यूची नोंद झाली, त्यांतील अनेकांच्या हृदयाची लय बिघडली होती. नेहमीच्या जेवणासोबत दहा ग्रॅम पूड घेण्यात हा धोका नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ‘भरपूर प्रथिने’ म्हणून ती कोणी घेत असेल, तर डाळ-भात, अंडे किंवा दूध तिच्यापेक्षा सरस आहे.

माझे उत्तर कुठे चुकले?

इथपर्यंत माझे चहाच्या वेळचे उत्तर बरोबर दिसते. पण ‘सगळे पचते, म्हणून काहीच उपयोग नाही’ या वाक्यातील ‘सगळे’ हा शब्द चुकीचा आहे.

हायड्रॉक्सिप्रोलीन असलेले काही बंध पाचक विकरांना सहजी तुटत नाहीत. २००५ साली जपानी संशोधकांनी निरोगी माणसांना जिलेटिनची अशी पूड देऊन त्यांचे रक्त तपासले. त्यात प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन यांची जोडी न तुटता पोहोचलेली आढळली. पुढे उंदरांच्या त्वचेतील पेशी काचेच्या बशीत वाढवून असेही दिसले की ही जोडी त्यांच्या वाढीला चालना देते. कोलॅजेन विणणाऱ्या या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात. यावरून असा तर्क मांडला गेला की ही जोडी कोलॅजेनचा कच्चा माल म्हणून वापरली जात नाही, ती निरोप्यासारखी काम करते. त्वचेतील कोलॅजेन तुटले की असेच तुकडे सुटत असणार, तेव्हा रक्तातून आलेले तुकडे पाहून पेशींना दुरुस्तीचा इशारा मिळत असेल.

ही कल्पना हास्यास्पद नाही. लहानशा पेप्टाइडने मोठे काम करावे अशी उदाहरणे जीवशास्त्रात आहेत. पण काचेच्या बशीतील पेशी आणि माणसाचा गाल यांत मोठे अंतर आहे. म्हणजे आता आपल्यापुढे दोन तर्क आहेत. ‘पचते म्हणून उपयोग नाही’ हा एक आणि ‘निरोप पोहोचतो म्हणून उपयोग आहे’ हा दुसरा. दोन्ही शास्त्रीय भाषेत मांडता येतात आणि दोन्हींपैकी एकानेही निकाल लागत नाही. निकाल लावायचा तर लिंडने केले तेच करावे लागते. काहींना द्यायचे, काहींना द्यायचे नाही आणि फरक पडतो का ते पाहायचे. त्या शिक्षिकेने मला हेच विचारले होते.

देऊन पाहिले तेव्हा

अशा बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. नेहमी दाखला दिली जाणारी एक चाचणी जर्मनीतील कील येथील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केली. ३५ ते ५५ वयाच्या ६९ स्त्रियांचे तीन गट पाडले. एका गटाला रोज अडीच ग्रॅम, दुसऱ्याला पाच ग्रॅम कोलॅजेनची पूड आणि तिसऱ्याला तशीच दिसणारी नकली पूड आठ आठवडे दिली. कोणाला काय मिळते हे देणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि घेणाऱ्यालाही नव्हते. चाचणीची आखणी चांगली होती. त्वचेची लवचिकता, ओलावा, त्वचेतून उडून जाणारे पाणी आणि खरखरीतपणा या चार गोष्टी उपकरणांनी मोजल्या. कोलॅजेन घेणाऱ्यांची लवचिकता नकली पूड घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीय वाढली, असा निष्कर्ष निघाला. ओलावा आणि उडणारे पाणी यांबाबत मात्र फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

जाहिरातीत पहिले वाक्य येते, दुसरे येत नाही. ते का महत्त्वाचे आहे, हे अकरावीच्या विद्यार्थ्यांना गणिताने दाखवता येईल. एखाद्या पदार्थाचा काहीही परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ फरक दिसण्याची शक्यता आपण प्रत्येक मोजमापासाठी पाच टक्के धरतो. चार स्वतंत्र गोष्टी मोजल्या, तर चारही वेळा योगायोग टळण्याची शक्यता ०.९५ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.८१. म्हणजे निदान एका मोजमापात खोटे यश मिळण्याची शक्यता जवळजवळ १९ टक्के होते. वीस गोष्टी मोजल्या तर ती ६४ टक्क्यांवर जाते. कीलमधील निष्कर्ष योगायोगाचाच होता, असे यावरून सिद्ध होत नाही. पण प्रत्येकी विसेक स्त्रियांच्या गटांवर झालेल्या एका चाचणीवर महिन्याचे दीड हजार रुपये लावू नयेत, एवढे नक्की समजते.

आणखी एक हिशेब करू. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००० साली त्वचेतील कोलॅजेनचे अर्धायुष्य सुमारे पंधरा वर्षे असल्याचे दाखवले. म्हणजे आजचे निम्मे कोलॅजेन बदलायला पंधरा वर्षे लागतात. त्या दराने आठ आठवड्यांत जेमतेम पाऊण टक्का बदलेल. मग आठ आठवड्यांत दिसलेला फरक नव्या कोलॅजेनच्या जाळ्यामुळे आहे, असे म्हणायचे तर विणकामाचा वेग कितीतरी पटींनी वाढल्याचे स्वतंत्रपणे दाखवावे लागेल. त्वचेतील पाण्याच्या प्रमाणातील किरकोळ बदलानेही लवचिकतेचे आकडे हलू शकतात.

२०१३ साली युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणापुढे अशाच एका कोलॅजेन उत्पादनाचा दावा आला होता. पुरावे तपासून प्राधिकरणाने निर्णय दिला की हे उत्पादन घेणे आणि लवचिकतेतील बदलातून त्वचेचे कार्य सुधारणे यांत कार्यकारण संबंध सिद्ध झालेला नाही.

पैसे कोणी दिले?

एकेक चाचणी लहान असते, म्हणून अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहण्याची पद्धत आहे. २०२१ आणि २०२३ साली अशी एकत्रित विश्लेषणे प्रसिद्ध झाली आणि दोन्हींचा कौल कोलॅजेनच्या बाजूने होता. आजच्या जाहिरातींत ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ हे शब्द येतात, त्यांना असाच आधार दिला जातो.

२०२५ साली कोरियातील दोन संशोधकांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आणखी एक विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात २३ चाचण्या आणि १,४७४ माणसे होती. सर्व चाचण्या एकत्र केल्या तेव्हा त्यांनाही ओलावा, लवचिकता आणि सुरकुत्या या तिन्हींत सुधारणा दिसली. पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी चाचण्यांची वाटणी केली. कंपन्यांच्या पैशाने झालेल्या चाचण्या एकीकडे आणि तसा पैसा न घेता झालेल्या दुसरीकडे. पहिल्या गटात तिन्ही गोष्टींत लक्षणीय सुधारणा होती. दुसऱ्या गटात एकीतही नव्हती. मग गुणवत्तेनुसार वाटणी केली. चांगल्या दर्जाच्या चाचण्यांत लक्षणीय परिणाम दिसला नाही, हलक्या दर्जाच्या चाचण्यांत लवचिकता वाढलेली दिसली. त्वचेचे वार्धक्य टाळण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी कोलॅजेन घ्यावे याला सध्या पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

याचा अर्थ कंपनीच्या पैशावर काम करणारे संशोधक आकडे बनवतात असा करू नये. बहुतेक औषधांच्या चाचण्याही कंपन्यांच्याच पैशाने होतात. पण नव्या औषधाच्या बाबतीत चाचणीची आधी नोंद करावी लागते, काय मोजणार ते आधी सांगावे लागते आणि सर्व आकडे सरकारी यंत्रणेपुढे ठेवावे लागतात. पूरक आहाराच्या बाबतीत हे जाळे विरळ आहे. तिथे खोटेपणा न करताही कल बदलू शकतो. दहा चाचण्या केल्या, चार अनुकूल निघाल्या, त्या छापल्या आणि सहा कपाटात राहिल्या, एवढे पुरते. मग छापलेल्या चाचण्यांची बेरीज कितीही काळजीपूर्वक केली तरी ती कपाटातल्या सहांची भरपाई करू शकत नाही. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून नापास विद्यार्थ्यांचे पेपर बाजूला काढून वर्गाची सरासरी काढली तर ती कशी येईल, हे शिक्षकांना सांगायला नको.

२०२५च्या निष्कर्षालाही मर्यादा आहे. चाचण्यांचे गट पाडले की प्रत्येक गटातील संख्या घटते, आणि लहान संख्येत बारीकसा परिणाम नजरेतून सुटू शकतो. ‘परिणाम दिसला नाही’ आणि ‘परिणाम नाहीच’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. उद्या एखाद्या स्वतंत्र, मोठ्या, दोन-तीन वर्षे चाललेल्या चाचणीत फायदा दिसला, तर मी हा लेख मागे घेईन. पण दावा सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते, आणि इतक्या वर्षांनंतर स्वतंत्र पुराव्याची बाजू रिकामी असेल तर ती रिकामी आहे असेच लिहिले पाहिजे.

आपल्याकडे डब्यावर अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असतो आणि पुष्कळांना तो गुणकारीपणाचा दाखला वाटतो. तो क्रमांक अन्नपदार्थाच्या व्यवसायाचा परवाना आहे. त्या पुडीने सुरकुत्या जातात हे कोणी तपासले, असा त्याचा अर्थ नाही. त्याच डब्यावर मांसाहाराची तपकिरी खूणही असते, तीही वाचावी. वनस्पतींत कोलॅजेन नसते. त्यामुळे ‘शाकाहारी कोलॅजेन’ या नावाच्या डब्यात बहुधा ‘क’ जीवनसत्त्व, अमिनो आम्ले आणि वनस्पतींचे अर्क असतात. तेवढ्यासाठी आवळा आणि पेरू पुरेत.

त्वचेतले कोलॅजेन जाते कुठे?

वयाबरोबर कोलॅजेन घटते, हे जाहिरातीतील दुसरे विधानही खरे आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही घट वेगाने होते. माझे स्वतःचे वय पंचेचाळीस, त्यामुळे यातील काळजी मला समजते. पण ही घट भरून काढण्याच्या गोष्टी करताना ती वाढवणाऱ्या कारणांकडे डब्यावर कोठेच बोट दाखवलेले नसते.

त्यांतील मोठे कारण ऊन आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९९६-९७च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दिसले की त्वचा लालही होणार नाही इतक्या थोड्या अतिनील किरणांनीसुद्धा काही तासांत कोलॅजेन तोडणारी विकरे वाढतात. तंबाखूच्या धुराचा परिणामही याच दिशेने होतो. तुमच्या शाळेतील एखाद्या वयस्क शेतकरी पालकाचा हात पाहा. मनगटाच्या वरची, बाहीखाली झाकलेली त्वचा आणि पंजाच्या मागची त्वचा एकाच वयाची आहे, एकाच जेवणावर पोसलेली आहे. फरक उन्हाचा आहे.

या बाबतीत एक मोठी चाचणी उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील नंबोर या गावी १९९२ ते १९९६ या काळात ती झाली आणि त्वचेच्या वार्धक्याविषयीचे तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ५५ वर्षांखालील ९०३ माणसांचे नशिबावर सोपवून गट पाडले होते. काहींना रोज ऊनरोधक मलम लावायला सांगितले, इतरांना आपल्या इच्छेनुसार. पंजाच्या मागील त्वचेचे ठसे घेऊन साडेचार वर्षांतला फरक पाहिला. रोज मलम लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य २४ टक्के कमी होते. याच चाचणीत काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या आणि काहींना नकली गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांचा काही परिणाम आढळला नाही. तिथली माणसे गोऱ्या कातडीची होती. आपल्या त्वचेतील मेलॅनिन काही प्रमाणात ढालीचे काम करते, म्हणून २४ हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये. दिशा मात्र तीच आहे. आणि छत्री, टोपी, पदर यांना दरमहा दीड हजार रुपये लागत नाहीत.

वर्गात काय करता येईल?

एक सोपा प्रयोग आहे. तीन पेल्यांत जिलेटिन गरम पाण्यात विरघळवून कोमट होऊ द्या. एकात ताज्या अननसाचा रस, दुसऱ्यात उकळून गार केलेला अननसाचा रस आणि तिसऱ्यात साधे पाणी घाला. पेले काही तास शीतपेटीत ठेवा. ताज्या रसाचा पेला थिजत नाही, बाकीचे दोन थिजतात. ताज्या अननसातील विकर प्रथिनाच्या साखळ्या तोडते, उकळल्यावर ते विकर निकामी होते. मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावतात, तिचे कामही असेच. हाच प्रयोग चायना ग्रास घेऊन पुन्हा करा. ते ताज्या रसातही थिजते, कारण ते प्रथिन नाही, समुद्री शेवाळापासून मिळणारे कर्बोदक आहे. जिलेटिन प्राणिजन्य आहे, हे विद्यार्थ्यांना आधी सांगावे आणि प्रयोगातले काही खाऊ नये.

प्रयोग झाल्यावर विद्यार्थी म्हणतील, म्हणजे कोलॅजेनचा उपयोग नाही हे सिद्ध झाले. तेव्हा त्यांना थांबवा. माझी चूक तिथेच झाली होती. सिद्ध झाले ते एवढेच की विकरे प्रथिन तोडतात. त्वचेचे काय होते, हे पेल्यात दिसत नाही. मग कोणत्याही पूरक आहाराची एक जाहिरात वर्गात आणा आणि चार प्रश्न विचारा. तुलना कोणाशी केली? किती गोष्टी मोजल्या आणि त्यांतल्या किती सांगितल्या? किती माणसे, किती दिवस? पैसे कोणी दिले? ‘आधी’ आणि ‘नंतर’ची दोन छायाचित्रे पहिल्याच प्रश्नात बाद होतात.

त्या शिक्षिकेला मी पत्राने हेच कळवले. अपाय होण्याची शक्यता कमी आहे, माशाची ॲलर्जी असेल तर मात्र डब्यावरचा स्रोत पाहावा. फायद्याचा स्वतंत्र पुरावा नाही. पैसे तुमचे आहेत, निर्णय तुमचा. मुलींना मात्र ‘घेऊ नका’ एवढेच सांगू नका, तुम्ही मला विचारलात तो प्रश्न त्यांना शिकवा. महिन्याभराने उत्तर आले. डबा संपल्यावर त्यांनी नवा घेतला नव्हता. आणि नववीच्या एका मुलीने त्यांना विचारले होते, “बाई, उन्हाच्या मलमाच्या चाचणीचे पैसे कोणी दिले होते?”

तो निबंध पुन्हा काढून त्या दृष्टीने वाचायचे काम आता माझ्याकडे आले आहे.